किंचित पिवळा

राजारामपुरी, आठवी गल्ली, तिसरा मजला.
टेबलावर तीन पेट्या : निळी, पांढरी,
आणि एक खाकी पुठ्ठ्याची,
जिला आम्ही आपसात 'स्वस्तातली' म्हणतो.
चाळीस बाटल्या. बाटल्यांवर नुसते आकडे.
कुठल्या पाण्यात किती आर्सेनिक घातलंय
ते शहनाज मुल्लाणीच्या वहीत,
वही कपाटात,
किल्ली तिच्या डब्याच्या पिशवीत.
मला माहीत नाही. माहीत नसणं
हाच माझा अर्धा पगार.

पाणी रेघेपर्यंत. पहिली पुडी. दुसरी.
झाकणाखाली पांढरी पट्टी,
बोट न लावता.
मग बुडबुडे, मग वीस मिनिटं.

वीस मिनिटांत खालच्या डंकावर
कुणाचं तरी वर्षाचं तिखट कुटून होतं,
आम्ही आळीपाळीनं शिंकतो,
घड्याळाकडं बघतो,
आणि कुणी बोलत नाही.

पट्टी निघते. रंगांचा तक्ता शेजारी :
शून्य, दहा, पंचवीस, पन्नास, शंभर.
मी म्हणते दहा.
शिकाऊ सुजय म्हणतो पंचवीस.
ट्यूबखाली परत बघितल्यावर
तो दहा म्हणतो, मी पंचवीस.

भरमगोंडा मगदूम बाटल्या धुतो.
त्याआधी बत्तीस वर्षं काहिलीजवळ उभा होता,
आधण कधी उतरायचं ते रंगावरनं सांगत.
हात पुसत तो म्हणाला,
"बाई, गूळ कोन ट्यूबखाली बगतंय व्हय?"
पट्टी खिडकीशी नेली, एक डोळा मिटला.
"धा न्हाई. धाच्या आतली.
पाक फिरायच्या आदी कडंला येती बगा,
तसली पिवळट."
संध्याकाळी शहनाजनं वही उघडली.
आठ.
तक्त्यात आठ नाहीच.
आणि अहवालात भरमगोंडासाठी रकाना नाही.

आता स्वस्तातलीविषयी.
दहाला ती पांढरी राहिली,
पंचवीसलाही राहिली.
अकरा बाटल्या.
अकरा वेळा तिनं स्वच्छ सांगितलं : प्या.

सकाळी फोन आला. आवाज गोड, घाईचा.
"मॅडम, बाकी छानच आहे.
तेवढ्या अकरा बाटल्या वगळता येतील?
नमुना बिघडला, असं लिहा."

जुन्या पोथ्यांत अक्षर चुकलं
की त्यावर पिवळा हरताळ फासत.
हरताळ म्हणजे आर्सेनिकच,
गंधकाशी बांधलेलं,
हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.
चूक झाकायला विष वापरायचे लोक,
पण निदान चूक झाकायला.
इथं अक्षर बरोबर आहे
आणि त्यांना हरताळ पांढरा हवाय,
न दिसणारा.

मी 'अकरा' अक्षरी लिहिलं,
चेकवर लिहितात तसं,
पुढं 'फक्त' लिहायचा मोह झाला.
तो आवरला.

साडेपाचला भरमगोंडा थांबून राहिला.
पिशवीतनं कोल्ड्रिंकची जुनी बाटली काढली,
काठोकाठ भरलेली.
"घरामागच्या बोअरचं हाय.
नातीला अंगावर डाग आल्यात. डाक्टर म्हनतोय
उन्हाचं असंल."
मी पेटीकडं हात नेला, तर म्हणाला,
"निळ्यातलं लावा. त्या खाकीवर
माझा इस्वास न्हाई."

निळ्या पेटीत शेवटच्या दोन पुड्या होत्या,
हिशेबात लागणाऱ्या.
फोडल्या.
बुडबुडे. वीस मिनिटं.
डंक बंद झाला होता.

पट्टी मला पांढरी दिसली.
सुजयला पांढरी दिसली.
भरमगोंडा ती घेऊन खिडकीशी गेलाय,
एक डोळा मिटून,
उजेड उतरत चाललाय,
आणि तो अजून काही बोललेला नाही.